परीक्षण: आरडीएच-१२ ब्लॉकिंग पेप्टाइड, १०० मायक्रोग्रॅमचा कोरडा पॅक

आरडीएच-१२ हे दृष्टिपटलातलं एक एन्झाइम. त्याला ओळखून धरणाऱ्या अँटिबॉडीबरोबर, तिची पारख करण्यासाठी, जोडीला विकलं जाणारं ब्लॉकिंग पेप्टाइड घ्यावं की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरतं: विक्रेता त्या पेप्टाइडचा अमिनो आम्लांचा क्रम सांगतो का? सांगत असेल तर पैसे वसूल आहेत. ‘प्रोप्रायटरी’ म्हणून क्रम झाकून ठेवत असेल, तर तेच पैसे दुसऱ्या कंट्रोलवर (खात्रीसाठीच्या तुलना-चाचणीवर) घातलेले बरे. किंमत, शुद्धता, डिलिव्हरी हे सगळं त्यानंतरचं. कारणं पुढे येतीलच, पण ज्यांची फाइल कोटेशनच्या टप्प्यावर आहे त्यांनी पुढचं वाचायच्या आधी विक्रेत्याला हा एक प्रश्न विचारून ठेवावा.

वस्तू तशी साधी आहे. पंधरा ते वीस अमिनो आम्लांचा कृत्रिमरीत्या बनवलेला तुकडा. सशामध्ये अँटिबॉडी तयार करताना हाच तुकडा केएलएच नावाच्या मोठ्या वाहक प्रथिनाला जोडून टोचलेला असतो. आता तोच तुकडा सुटा, भरपूर प्रमाणात, अँटिबॉडीत आधीच मिसळायचा. अँटिबॉडीच्या बांधणीच्या जागा भरून जातात आणि मग ब्लॉटवरच्या (जेलमध्ये वजनाप्रमाणे वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवलेल्या) प्रथिनाला धरायला काही उरत नाही. कुलपात आधीच काडी खुपसून ठेवली की किल्ली जात नाही, तसं. जो बँड (ब्लॉटवर उमटलेली प्रथिनाची रेघ) पेप्टाइडने नाहीसा होतो तो त्या बांधणीच्या जागांमुळे आलेला होता. जो राहतो तो कुठून तरी दुसरीकडून आलेला आहे. या पेप्टाइडकडून मिळणारी माहिती एवढीच, आणि ती मोलाची आहे. पण तिच्यातून ‘म्हणजे हा बँड आरडीएच-१२ चाच’ असं काढायला गेलं की गाडी घसरते.

ज्या एन्झाइमसाठी हा खटाटोप, त्याचा स्वभावच यात अडचण करतो. मानवी आरडीएच-१२ हे ३१६ अमिनो आम्लांचं, सुमारे ३५ किलोडाल्टनचं, पडद्यात रुतलेलं प्रथिन. दृष्टिपटलातल्या प्रकाशग्राही पेशींच्या आतल्या खंडात ते भरपूर असतं. नावात रेटिनॉल डीहायड्रोजिनेज असलं तरी तिथे ते बहुतांशी उलट्या दिशेने चालतं: एनएडीपीएच हा सहघटक वापरून रेटिनॅलचं रेटिनॉल करतं. उजेड पडल्यावर सुटलेलं रेटिनॅल हा पेशीला त्रासदायक अल्डिहाइड आहे, त्याची विल्हेवाट लावणाऱ्यांपैकी हे एक. याच्या जनुकातल्या दोषांमुळे लेबर जन्मजात अंधत्वाचा एक प्रकार होतो, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं, आणि तेव्हापासून या प्रथिनाच्या अँटिबॉडींना मागणी आहे.

आता भावंडं. आरडीएच-११, १२, १३ आणि १४ ही एकाच घरातली. त्यातलं आरडीएच-११ हे ३१८ अमिनो आम्लांचं. म्हणजे लांबीत १२ पेक्षा फक्त दोनने मोठं, वजन तेच, आणि क्रमाचा बहुतांश भाग सारखा. १२ टक्के जेलवर ही दोन वेगळी दिसणं शक्य नाही. शिवाय आरडीएच-१२ जसं मुख्यतः दृष्टिपटलापुरतं आहे तसं आरडीएच-११ नाही. ते प्रोस्टेटमध्ये, यकृतात, दृष्टिपटलाच्या रंगद्रव्य थरात, अशा कितीतरी ठिकाणी सापडतं. त्याहून मोठं गोतावळं म्हणजे शॉर्ट-चेन डीहायड्रोजिनेज-रिडक्टेज कुळ. माणसात या कुळाची सत्तरहून अधिक जनुकं आहेत आणि त्या सगळ्यांत सहघटक धरणारा ‘टीजी-तीन-जी-एक-जी’ (अक्षरं ठरलेल्या अमिनो आम्लांची, आकडे मधल्या कुठल्याही अमिनो आम्लांचे) हा पट्टा आणि क्रियास्थानातला ‘वाय-तीन-के’ हा पट्टा थोड्याफार फरकाने तसाच असतो.

समजा अँटिबॉडी अशा भागाविरुद्ध बनवलेली आहे जो ११ आणि १२ मध्ये सारखा आहे. यकृताच्या लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेल्या अर्कात) ३५ किलोडाल्टनला ठसठशीत बँड येणार. तो आरडीएच-११ चा. पेप्टाइड घातलं की तो बँड नाहीसा होणार, अगदी स्वच्छ. कारण तो त्याच बांधणीच्या जागांनी धरलेला होता. आकृती देखणी येते, ‘पेप्टाइडने ब्लॉक झाला’ असं खाली लिहिता येतं, आणि निष्कर्ष चुकीचा असतो. हे पेप्टाइड बिघडल्याचं लक्षण नव्हे. त्याने आपलं काम चोख केलेलं असतं. म्हणून क्रम हवा. क्रम हातात असला की यूनिप्रॉट या प्रथिनांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यावरून मानवी आरडीएच-११, १२, १३, १४ चे क्रम उतरवून चारही एकाखाली एक लावायचे आणि तुकडा कुठे बसतो ते बघायचं. पंधरापैकी बारा-तेरा अमिनो आम्लं ११ शी जुळत असतील तर ती अँटिबॉडी आणि तिचं पेप्टाइड दोन्ही बाजूला ठेवा. सलग सात-आठ जुळत असतील तरीही सावध. पॉलिक्लोनल (अनेक प्रकारच्या अँटिबॉडींचं मिश्रण असलेल्या) अँटिबॉडीतला एखादा घटक तेवढ्यावरही बसतो. वर सांगितलेल्या दोन समान पट्ट्यांपैकी एखादा तुकड्यात असेल, तर विचारच करू नका.

काही डेटाशीटवर क्रम नसतो पण ‘अमुक ते अमुक क्रमांकांच्या दरम्यानचा तुकडा’ असं लिहिलेलं असतं. पन्नास अमिनो आम्लांच्या टप्प्यातला कुठला तरी तुकडा, यावरून फारसं काही कळत नाही. निदान तो टप्पा वेगळेपणाच्या भागात आहे की समान भागात, एवढं तपासता येतं. त्यावर तांत्रिक विभागाला ईमेल करून ‘आरडीएच-११ शी साम्य किती टक्के’ असं थेट विचारावं. क्रम न देणारे विक्रेतेही बऱ्याचदा हा आकडा देतात.

पॅकबद्दल. कुपी उघडल्यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली: रिकामी आहे. १०० मायक्रोग्रॅम कोरडं पेप्टाइड डोळ्यांना दिसत नाही, फार तर तळाशी एक धूसर पापुद्रा दिसतो. कधी कण झाकणाला किंवा भिंतीला चिकटलेले असतात, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे ते जास्तच चिकटतात. म्हणून फ्रीजरमधून काढल्यावर कुपी बंदच ठेवून वीस-तीस मिनिटं खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मग छोट्या सेंट्रीफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवायची आणि मगच झाकण काढायचं. थंड कुपी उघडली की हवेतलं बाष्प आत जमतं. मे महिन्यात ते फारसं जाणवणार नाही, जुलै-ऑगस्टमध्ये जाणवेल. खरवडायचं नाही, टिपने ढवळायचं नाही. १०० मायक्रोलीटर निर्जंतुक शुद्ध पाणी भिंतीवरून सोडायचं, कुपी आडवी-तिरकी फिरवायची, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा एकदा फिरवून खाली आणायचं. झालं १ मिलिग्रॅम प्रति मिलिलीटरचं द्रावण.

विरघळलं नाही तर? आधी क्रम बघा (पुन्हा तोच मुद्दा). लायसिन-आर्जिनिन जास्त असलेला तुकडा पाण्यात सहज जातो. ग्लुटामेट-अ‍ॅस्पार्टेट जास्त असेल तर पाणी हट्ट करतं. अशा वेळी विरळ अमोनियम बायकार्बोनेटचे एक-दोन थेंब पुरतात. पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांचा भरणा असेल तर आधी पाच मायक्रोलीटर डीएमएसओ या द्रावकात आणि मग हळूहळू पाणी. पण तुकड्यात सिस्टीन किंवा मेथिओनिन असेल तर डीएमएसओ नको, ती दोन्ही त्यात ऑक्सिडाइज होतात. सिस्टीन तर बहुतेक तुकड्यांत असतंच, कारण केएलएचला जोडण्यासाठी टोकाला मुद्दाम एक सिस्टीन लावतात, जे मूळ आरडीएच-१२ मध्ये त्या जागी नसतं. द्रावण ठेवून दिलं की दोन तुकड्यांची सिस्टीनं एकमेकांना धरून जोड्या होतात. ब्लॉकिंगच्या कामात त्याने बहुतेकदा बिघडत नाही. मात्र त्या जोड्या सोडवायला म्हणून डीटीटी किंवा मरकॅप्टोइथेनॉल (असे बंध तोडणारी रसायनं) घालायचा मोह टाळा: पेप्टाइड मोकळं होईल आणि पाठोपाठ अँटिबॉडीचे स्वतःचे डायसल्फाइड बंधही तुटतील.

लेबलवरचे दोन आकडे लोक एकच समजतात. ‘शुद्धता ९५ टक्के’ म्हणजे त्यातल्या पेप्टाइडांपैकी ९५ टक्के योग्य पेप्टाइड. पण कुपीतल्या वजनात पेप्टाइड किती, हा निराळा आकडा. कोरड्या पावडरीत ट्रायफ्लोरोअ‍ॅसिटेटचे क्षार आणि पाणी असतंच, त्यामुळे १०० मायक्रोग्रॅम एकूण वजन म्हणजे प्रत्यक्षात ७० ते ८० मायक्रोग्रॅम पेप्टाइड असणं अगदी नेहमीचं आहे. ब्लॉकिंगला एवढ्याने काही अडत नाही, कारण प्रमाण मुळातच सढळ असतं. पण पुढे सांगितलेली वाढत्या प्रमाणांची मालिका करायची असेल तर हा फरक मोजणीत धरावा. काही कंपन्या पेप्टाइड कोरडं न देता बफरमध्ये, बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) आणि सोडियम अझाइड (जंतू वाढू न देणारं रसायन) घालून देतात. सोय होते खरी, पण मग २८० नॅनोमीटरला शोषण मोजून प्रमाण काढणं निरर्थक. मोजलं जातं ते बीएसए. कोरडा पॅक या बाबतीत सरस, आणि प्रवासाच्या दृष्टीनेही.

प्रवासाचं सांगायचं तर सोलापूरला माल बहुतेक हैदराबाद किंवा पुण्याकडून महामार्गाने येतो. मार्च-अखेरीस मंजूर झालेल्या ऑर्डरी एप्रिल-मेमध्ये पोचतात, म्हणजे नेमक्या चाळीस-बेचाळीस अंशांत. थर्माकोलच्या डब्यातले जेल पॅक वितळून कोमट झालेले निघाले तर कोरड्या पेप्टाइडबद्दल तक्रार करू नका. ते काही दिवस उन्हाळ्याच्या तापमानात सहज तग धरतं. त्याच डब्यात अँटिबॉडी असेल तर तिच्याबद्दल मात्र नक्की करा. दोन्ही एकत्र मागवले असतील तर डबा उघडतानाच फोटो काढून ठेवावा, म्हणजे बदली मागताना वाद होत नाही. आल्या आल्या पेप्टाइड उणे वीसला, आणि फ्रीजर आपोआप बर्फ वितळवणारा नसावा. असे फ्रीजर ठरावीक वेळाने आतून गरम होतात आणि दहा मायक्रोलीटरच्या अ‍ॅलिकोटला (द्रावणाच्या छोट्या वाटून ठेवलेल्या भागाला) तेवढी ऊब पुरते. वीज जाणं गृहीत धरून अ‍ॅलिकोट गोठवलेल्या जेल पॅकच्या मधोमध ठेवले तर काही तास निभावतात. विरघळवलेल्या द्रावणाचे दहा मायक्रोलीटरचे दहा भाग करायचे, प्रथिन न चिकटणाऱ्या नळ्यांत, आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवायचा नाही.

आता प्रमाण. सगळ्या डेटाशीटवर एकच वाक्य असतं: अँटिबॉडीच्या पाचपट वजनाचं पेप्टाइड घ्या. हे पाचपट म्हणजे खरं किती, ते एकदा कागदावर मांडलं की बऱ्याच शंका मिटतात. अँटिबॉडीचं वजन दीड लाख डाल्टन आणि तिला बांधणीच्या जागा दोन. १ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी म्हणजे ६.७ पिकोमोल, जागा १३.३ पिकोमोल. पेप्टाइड साधारण २,००० डाल्टनचं धरलं तर ५ मायक्रोग्रॅम म्हणजे २,५०० पिकोमोल. म्हणजे प्रत्येक जागेमागे जवळजवळ १९० तुकडे. पेप्टाइड ठरवल्यापेक्षा थोडं कमी पडलं, वजनात वीस टक्के क्षार निघाले, एखादा मायक्रोलीटर इकडेतिकडे झाला, तरी काही फरक पडत नाही. पाचपटीने ब्लॉक झालं नाही म्हणून पंचवीसपट घालून बघणाऱ्यांनी हे गणित आधी करावं. दोष बहुतेक वेळा प्रमाणात नसतोच.

ब्लॉटची पद्धत अशी. दृष्टिपटलाचं लायसेट १ टक्का ट्रायटन एक्स-१०० (डिटर्जंट) आणि प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिनं तुटू न देणारं रसायन) घालून केलेलं, दर लेनला २० ते ३० मायक्रोग्रॅम, १२ टक्के जेल. नमुना ९५ अंशांना उकळण्याऐवजी ५० अंशांना दहा-पंधरा मिनिटं ठेवावा. पडद्यात रुतणारी प्रथिनं उकळली की गोळा होतात आणि जेलच्या खाचेच्या (वेलच्या) तोंडाशीच अडकून बसतात. मग ३५ ला काहीच नाही आणि वर नुसता पुसट पसारा. एकाच जेलवर मार्कर, लायसेट, लायसेट अशी रचना तीनदा करून, एकाच मेम्ब्रेनवर उतरवून, मग ती कापून तीन पट्ट्या करायच्या. वेगवेगळ्या जेलांवर केलेली तुलना कुठल्याही परीक्षकाने मान्य करू नये. एक पट्टी नुसत्या अँटिबॉडीला, दुसरी अँटिबॉडी अधिक आरडीएच-१२ पेप्टाइडला, तिसरी अँटिबॉडी अधिक असंबद्ध पेप्टाइडला. तिसरी पट्टी बहुतेक जण गाळतात, कारण त्यासाठी वेगळं पेप्टाइड लागतं. पण ती नसेल तर ‘कुठलंही पेप्टाइड एवढं ओतलं की सिग्नल पडतोच’ या शंकेला उत्तर उरत नाही. लॅबमधल्या दुसऱ्या कुठल्या अँटिबॉडीचं उरलेलं पेप्टाइड चालतं. तीच अमिनो आम्लं क्रम विस्कटून लावलेलं पेप्टाइड मिळालं तर त्याहून चांगलं.

अँटिबॉडी आणि पेप्टाइड आधी कमी आकारमानात भेटवावेत: १ टक्का बीएसए घातलेल्या टीबीएसटी बफरच्या २०० मायक्रोलीटरमध्ये. मग हे मिश्रण पट्टीच्या द्रावणात वाढवायचं. १० मिलिलीटर द्रावणात अर्धा मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर या दराने ५ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी लागते, म्हणजे २५ मायक्रोग्रॅम पेप्टाइड. या हिशेबाने १०० मायक्रोग्रॅमची कुपी चार ब्लॉटमध्ये संपते. पट्टी प्लॅस्टिकच्या पिशवीत सील करून ३ मिलिलीटरमध्ये भागवलं तर एका वेळी दीड मायक्रोग्रॅम अँटिबॉडी आणि साडेसात मायक्रोग्रॅम पेप्टाइड पुरतं, आणि तीच कुपी तेरा वेळा चालते. तिन्ही पट्ट्यांना मिश्रण सारखाच वेळ ठेवलेलं हवं. नुसत्या अँटिबॉडीची नळीही पेप्टाइडऐवजी तेवढंच पाणी घालून तितकाच वेळ ठेवायची.

डेटाशीट म्हणते: खोलीच्या तापमानाला अर्धा ते दोन तास. डेटाशीट लिहिणाऱ्याची खोली वीस-पंचवीस अंशांची असते. एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या लॅबमध्ये दुपारी ती अडतीस अंशांची असते, म्हणजे डेटाशीटची अट पाळली जात नाही.  इथे सरळ ४ अंशांना रात्रभर फिरवत ठेवावं, ऋतू कोणताही असो. धुण्याच्या बफरसाठी पाण्याचा साठा आधीच करून ठेवावा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात डिस्टिलेशनचं यंत्र नेमकं त्याच दिवशी बंद असतं.

लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये प्रथिन सारखं पडलं का, हे दाखवणारं दुसरं प्रथिन) म्हणून जीएपीडीएच वापरू नका. तो ३६ किलोडाल्टनचा, म्हणजे आपल्या बँडच्या डोक्यावरच. अ‍ॅक्टिन ४२ ला, तेही जवळ. ट्युब्युलिन ५० च्या वर येतो, तो सोयीचा. या कंट्रोलचा इथे आणखी एक उपयोग होतो: पेप्टाइडच्या पट्टीवर ट्युब्युलिन बाकीच्यांइतकाच आला तर पट्टीवर प्रथिन नीट उतरलं होतं, सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला धरून सिग्नल देणारी दुसरी अँटिबॉडी) चांगली होती आणि केमिल्युमिनेसन्सचं (बँड उजळवणारं) द्रावण सगळीकडे पोचलं होतं, हे एकदम कळतं. तिन्ही पट्ट्यांचा फोटो एकाच चौकटीत, एकाच एक्स्पोजरला. पेप्टाइडच्या पट्टीला दहा सेकंद आणि बाकीच्यांना एक मिनिट देऊन काढलेली चित्रं छापून आलेली दिसतात. ती कितीही देखणी असली तरी त्यांवर विश्वास ठेवू नये.

निकाल वाचताना चार गोष्टी दिसू शकतात. ३५ चा बँड गेला आणि ५५ व ७० चे राहिले: चांगली बातमी, वरचे दोन निव्वळ कचरा आहेत. सगळेच गेले: अँटिबॉडी त्या सगळ्या प्रथिनांना त्याच जागांनी धरते, म्हणजे तुकडा फार सामान्य आहे, क्रम पुन्हा तपासा. काहीच गेलं नाही: अँटिबॉडी या पेप्टाइडविरुद्धची नाहीच, किंवा मोनोक्लोनल (एकाच प्रकारची) आहे आणि प्रथिनाच्या घडीला ओळखते, सरळ तुकड्याला नाही. चौथी शक्यता सगळ्यात फसवी, बँड अर्धवट फिका होतो. अँटिबॉडी शुद्ध न केलेला पूर्ण सीरम असेल तर असं होतंच. सीरममध्ये एकूण अँटिबॉडी मिलिलीटरला साधारण १० मिलिग्रॅम, त्यातला आपल्या कामाचा अंश थोडा; केएलएचविरुद्धच्या आणि सशाच्या इतर अँटिबॉडींना आपलं पेप्टाइड हात लावत नाही. त्यांनी दिलेला पसारा तसाच राहणार. म्हणून पेप्टाइडवर शुद्ध केलेली अँटिबॉडी आणि तिचं पेप्टाइड ही जोडी घ्यावी. सीरमबरोबर पेप्टाइड घेणं म्हणजे अर्धंच काम.

एक जास्तीची चाचणी, कुपीत उरलं असेल तर: १ मायक्रोग्रॅम अँटिबॉडीमागे पेप्टाइड ०.०२, ०.१, १ आणि ५ मायक्रोग्रॅम. जागांच्या हिशेबात हे अनुक्रमे पाऊण, पावणेचार, साडेसदतीस आणि १९० पट. खरी बांधणी असेल तर दुसऱ्या पायरीपासूनच बँड झपाट्याने उतरतो. पहिल्या तीन पायऱ्यांना ढिम्म आणि शेवटी थोडासा फिका, असं झालं तर ते ब्लॉकिंग नव्हे.

उतींच्या छेदांवर, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत, हे पेप्टाइड कमी भरवशाचं आहे. रंगद्रव्य थरातल्या लायपोफ्युसिन या द्रव्याची स्वतःची चमक पेप्टाइडने जात नाही, उतीतल्या पेरॉक्सिडेज एन्झाइमचा रंगही जात नाही. त्यासाठी नुसत्या सेकंडरीचा वेगळा छेद लागतोच. प्रकाशग्राही पेशींच्या आतल्या खंडातला सिग्नल गेला आणि इतरत्रचा राहिला, तर उपयोग झाला म्हणायचं. सोलापुरात मटण मार्केटमधून बकऱ्याचे ताजे डोळे सहज मिळतात, म्हणून बरीच कामं त्यावर होतात. हरकत नाही, पण पेप्टाइड मानवी क्रमाचं आहे. बकऱ्याच्या आरडीएच-१२ मध्ये त्या जागी दोन-तीन अमिनो आम्लं वेगळी असतील तर अँटिबॉडी बकऱ्याच्या प्रथिनाला सैल आणि मानवी पेप्टाइडला घट्ट धरते. ब्लॉकिंग फारच सुरेख दिसतं आणि मूळ सिग्नलच पुसट असतो. एनसीबीआय या ऑनलाइन माहितीसाठ्यावर बकऱ्याचा क्रम आहे, आधी जुळवून बघा. आणि प्रायमरी (म्हणजे आरडीएच-१२ ला धरणारी मूळ अँटिबॉडी) बकऱ्यात बनवलेली असेल तर बकऱ्याच्या उतीवर ती वापरू नका. बकऱ्याविरुद्धची सेकंडरी उतीतल्या रक्ताच्याच अँटिबॉडींना धरते आणि ब्लॉटवर ५० व २५ ला जाडजूड बँड उमटतात, ज्यांना कुठलंही पेप्टाइड हलवू शकत नाही.

मग ‘हा आरडीएच-१२ च आहे’ हे ठरवायचं कसं? २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने अँटिबॉडी पडताळणीचे पाच मार्ग सुचवले: जनुक काढून किंवा दाबून बघणं, अँटिबॉडी न वापरणाऱ्या पद्धतीशी मेळ, दुसऱ्या तुकड्याविरुद्धची स्वतंत्र अँटिबॉडी, टॅग लावलेलं प्रथिन, आणि अँटिबॉडीने ओढून काढलेल्या प्रथिनाचं मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखणं. पेप्टाइड ब्लॉकिंग या पाचांत नाही, आणि ते योग्यच आहे. लहान लॅबला परवडणारा रस्ता म्हणजे एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत एकदा मानवी आरडीएच-१२ चं आणि एकदा आरडीएच-११ चं प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारा डीएनए) घालून केलेली दोन लायसेट. अँटिबॉडी पहिल्यात उजळली आणि दुसऱ्यात गप्प राहिली की निम्मी लढाई जिंकली. एलएनकॅप या प्रोस्टेटच्या पेशींत आरडीएच-११ भरपूर असतं, म्हणून त्यांचं लायसेट नकारात्मक लेन म्हणून छान. पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या) संग्रहात त्या पेशी मिळतात का ते विचारून घ्यावं. पेप्टाइडच्या तीन पट्ट्या या लेनांसकट केल्या तर चित्राला वजन येतं.

खरेदीत एक सापळा आहे आणि तो विज्ञानाचा नाही, फाइलचा आहे. तीन कोटेशनं, ओळीनिहाय सगळ्यात कमी दर, या नियमाने अँटिबॉडी एका कंपनीची आणि पेप्टाइड दुसऱ्या कंपनीचं मंजूर होऊन येतं. दोन्हींवर आरडीएच-१२ लिहिलेलं, दोन्ही चांगल्या दर्जाची, आणि एकत्र पूर्णपणे निरुपयोगी, कारण तुकडे वेगळे. ऑर्डरमध्ये दोन वस्तू दोन ओळींत न लिहिता एक संच म्हणून एका ओळीत लिहाव्यात, कॅटलॉग क्रमांकाच्या जोडीसह, आणि विक्रेत्याकडून प्रोप्रायटरी आर्टिकल सर्टिफिकेट (ही वस्तू फक्त याच कंपनीची असल्याचं प्रमाणपत्र) जोडावं. माल आल्यावर लॉट क्रमांकही ताडून बघा. अँटिबॉडीचा नवा लॉट दुसऱ्या सशाचा असला तरी चालेल, पण डेटाशीटवर इम्युनोजनचा (सशात टोचलेला) तुकडा बदललेला नसावा.

क्रम मिळाला असेल तर आणखी एक वाट खुली होते, आणि पुष्कळ काम करणाऱ्या लॅबने तीच धरावी. पेप्टाइड बनवून देणाऱ्या कंपनीकडून तोच तुकडा ५ मिलिग्रॅम, ७० ते ८० टक्के शुद्धतेचा मागवायचा. ब्लॉकिंगला ९५ टक्क्यांची गरज नाही. दर मिलिग्रॅमचा हिशेब केला तर कॅटलॉगच्या कुपीपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो, शिवाय त्याच ऑर्डरीत क्रम विस्कटलेलं कंट्रोल पेप्टाइडही करून घेता येतं. ऑर्डर देताना टोकाला लावलेल्या सिस्टीनसकट क्रम द्यायचा, मास स्पेक्ट्रमचा कागद मागायचा, माल पाच कुप्यांत विभागून घ्यायचा आणि चार कुप्या कोरड्याच उणे वीसला ठेवायच्या.